प्रवेश परीक्षेत कागद-पेन परत आणा

२०२५ च्या सीयूईटी-पीजीमध्ये, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या सामाईक परीक्षेत, एम.एस्सी. गणिताच्या पेपरला ७५ प्रश्न होते आणि वेळ होता ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चार पर्याय, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक गुण वजा. देशातल्या कितीतरी विद्यापीठांत गणिताच्या पदव्युत्तर वर्गात कोण बसणार, हे या दीड तासात ठरतं. पदवीच्या वर्गाला गणित शिकवताना मला रोज जाणवतं की या दीड तासात विद्यार्थ्याबद्दल जे कळायला हवं तेच नेमकं कळत नाही. गणित आणि संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यार्थ्याकडून दोन-चार सिद्धता त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घेतल्या पाहिजेत आणि त्या एखाद्या शिक्षकाने वाचल्या पाहिजेत. टक्के किती, पदवीवर विषयाचं नाव काय, हात किती भरभर चालतो, हे सगळं त्यानंतर.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी नवे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार पदवी कोणत्याही शाखेची असली, तरी संबंधित विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पार केलेला विद्यार्थी त्या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पात्र ठरतो. इकडे महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.एस्सी.ची जुनी तीन विषयांची घडी मोडून मेजर-मायनरची रचना आली आहे. भौतिकशास्त्र मेजर आणि गणित मायनर असलेला मुलगा आता एम.एस्सी. गणिताचा फॉर्म भरू शकेल, संगणकशास्त्राची मुलगी संख्याशास्त्राकडे वळू शकेल. मला हे मनापासून पटतं. पण पदवीच्या नावाची अट सैल झाली की सगळा भार परीक्षेवर येतो. एकच दार उरलं, तर त्या दारात काय विचारलं जातं याला फार महत्त्व येतं.

पदवीच्या नावाला चिकटून राहणं चूक होतं, हे आपल्याच इतिहासात दिसतं. भारतात संख्याशास्त्र ज्यांनी उभं केलं ते प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे. १९३१ साली त्यांनी कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली, तेव्हा त्यांच्याभोवती जमलेले राजचंद्र बोस शुद्ध गणितातून आलेले होते. सी. आर. राव आंध्र विद्यापीठातून गणिताची पदव्युत्तर पदवी घेऊन १९४१ मध्ये तिथे दाखल झाले. कोलकाता विद्यापीठाने नुकताच संख्याशास्त्राचा पदव्युत्तर वर्ग सुरू केला होता. राव तिथून १९४३ मध्ये बाहेर पडले आणि १९४५ साली त्यांचा तो निबंध छापून आला ज्यातली असमता आज जगभर क्रामर-राव या नावाने शिकवतात. गोव्यातल्या कोसबेन गावी जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन आले. पुढची कुठलीही पदवी त्यांनी घेतली नाही. तरी ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते, आणि जनुकांमधलं अंतर मोजण्याचं त्यांचं १९४४ चं सूत्र जनुकशास्त्रात कोसंबी फंक्शन म्हणून आजही वापरात आहे. ‘पदवीला संख्याशास्त्र हा विषय असावा’ अशी ओळ अनेक ठिकाणच्या प्रवेशाच्या जाहिरातीत अजून असते. ती अट त्या काळी असती, तर यांतल्या एकालाही संख्याशास्त्राच्या वर्गात पाऊल टाकता आलं नसतं.

तेव्हा नावाची अट गेली तर जाऊ द्या. प्रश्न आहे तिच्या जागी काय आणायचं हा.

एक उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण सगळा वाद त्यात आहे. प्रश्न असा: एक ३×३ मॅट्रिक्स, म्हणजे तीन ओळी आणि तीन स्तंभांत मांडलेल्या संख्या, आहे. तिचा वर्ग केला की तीच मॅट्रिक्स परत मिळते. तिची रँक, म्हणजे एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या ओळींची संख्या, २ आहे. तर तिचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, किती? तयारी केलेला विद्यार्थी काय करतो? कर्णावर एक, एक, शून्य आणि बाकी सगळीकडे शून्य अशी मॅट्रिक्स मनात मांडतो. सगळ्या अटी जुळतात. ट्रेस दोन. वीस सेकंदांत उत्तर तयार, आणि तेही बरोबर. पण त्याने एकच मॅट्रिक्स पाहिली. प्रश्नातल्या अटी पाळणाऱ्या मॅट्रिक्स अगणित आहेत, आणि त्या सगळ्यांचा ट्रेस दोनच का येतो हे त्याला ठाऊक आहे की नाही, परीक्षेला याचा पत्ताही लागत नाही.

आता तोच प्रश्न कागदावर विचारा: वर्ग केल्यावर तशीच राहणाऱ्या कोणत्याही मॅट्रिक्सचा ट्रेस तिच्या रँकइतका असतो, हे सिद्ध करा. उत्तरपत्रिका हातात आल्या की माणसं वेगवेगळी दिसू लागतात. कुणी दोन-तीन मॅट्रिक्स घेऊन ताळा करतो आणि ‘म्हणून सिद्ध झालं’ असं लिहितो. उदाहरण आणि सिद्धता यांतला फरक त्याला अजून कळलेला नाही. दुसरा लिहितो की अशा मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स काही खास सदिशांना जितक्या पटीने ताणते ते आकडे) शून्य किंवा एकच असू शकतात, ट्रेस म्हणजे त्यांची बेरीज, तेव्हा जितके एक तितका ट्रेस आणि तितकीच रँक. वाचताना हे उत्तर पूर्ण वाटतं, पण शेवटच्या पायरीत खिंडार आहे. शून्य नसलेल्या आयगेनव्हॅल्यू जितक्या तितकीच रँक, हे दर वेळी खरं नसतं. २×२ ची एक मॅट्रिक्स घ्या, वरच्या उजव्या कोपऱ्यात एक आणि बाकी तिन्ही जागी शून्य. तिच्या दोन्ही आयगेनव्हॅल्यू शून्य, पण रँक एक. आपली मॅट्रिक्स अशी नाही हे त्याने दाखवायला हवं होतं. तिसरी मुलगी लिहिते: कोणताही सदिश घ्या, त्याचे दोन भाग करा. एक भाग मॅट्रिक्सने त्याला जिथे नेलं तो, दुसरा म्हणजे उरलेला. पहिल्या भागाला मॅट्रिक्स हातही लावत नाही, दुसऱ्याला शून्य करते. या दोन भागांना जुळणारा बेसिस, म्हणजे सदिश मोजायच्या मूळ दिशांचा संच, घेतला की कर्णावर रँकइतके एक आणि बाकी शून्य, आणि बेसिस बदलल्याने ट्रेस बदलत नाही. चार ओळींत झालं.

चौथा विद्यार्थी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो अर्ध्यापर्यंत नीट येतो आणि लिहितो, ‘ही मॅट्रिक्स डायगोनलाइझ होते असं मी धरून चाललो आहे, ते मला दाखवता आलं नाही.’ आपल्याला काय येत नाही हे त्याने अचूक ओळखलं आहे. संशोधन करणाऱ्याचं निम्मं काम हेच असतं. पर्यायांच्या परीक्षेत हा मुलगा आणि डोळे मिटून गोल काळा करणारा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात.

हे फक्त शुद्ध गणितवाल्यांचं वेड नाही. रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकड्यांमधला संबंध शोधताना, जे ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ मोजतात ते अशाच मॅट्रिक्सचे ट्रेस असतात. नमुन्याचा व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांच्या विखुरण्याचं माप, काढताना एनने (आकडे जितके तितक्याने) भागायचं नाही, एन वजा एकने भागायचं, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून पाठ असतं. का, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. त्या ‘का’चं उत्तर वरच्या चार ओळींच्या सिद्धतेत आहे. ज्याला ते कधीच दिसलं नाही तो उद्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे घालेल आणि बाहेर आलेला निष्कर्ष पुढे पाठवेल. औषधांच्या चाचण्या असोत, पीककापणीचे अंदाज असोत, लोकसंख्येची पाहणी असो, तिथे बसणारी माणसं याच एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या वर्गांतून जातात.

गुणपद्धतीचंच बघा. चार पर्याय, बरोबरला चार, चुकलं तर उणे एक. काहीही न वाचता उत्तर ठोकलं तर सरासरी गुण किती पडतात? चारातून एकदा चार मिळणार, तीनदा एकेक जाणार. चार प्रश्नांमागे एक गुण निव्वळ नफा. एक पर्याय खोडता आला तर हाच नफा प्रश्नामागे दोन-तृतीयांश गुणांवर जातो. आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाला चुकीबद्दल एक-तृतीयांश कापतात, तिथे आंधळ्या अंदाजाचा हिशेब बरोबर शून्यावर येतो. संभाव्यता शिकायला येणाऱ्या मुलांची निवड करणारी परीक्षा एवढा तरी हिशेब सांभाळणारी असायला हवी.

जॅमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. साठ प्रश्नांना तीन तास, त्यांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असणारे प्रश्न, थेट संख्या लिहायचे प्रश्न, असा तो पेपर विचारपूर्वक काढलेला असतो. प्रश्नांची प्रतही चांगली असते. पण २००४ मध्ये जॅम सुरू झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत गणिताच्या पेपरात सविस्तर उत्तर लिहायचे प्रश्न होते. पुढे परीक्षा संगणकावर गेली आणि ते प्रश्न गळाले. वरचा ट्रेसचा प्रश्न संख्या लिहायचा केला तरी एका उदाहरणावरून सुटतोच. प्रश्न काढणाऱ्याचा यात दोष नाही, उत्तर एका आकड्यात मावायला हवं या बंधनाचा आहे.

लेखी परीक्षा घेता येत नाही असं नाही, कारण काही संस्था वर्षानुवर्षं ती घेताहेत. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एम.स्टॅट. आणि एम.मॅथ.साठी सकाळी बहुपर्यायी पेपर असतो आणि दुपारी उत्तरं लिहायचा. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये एकाच पेपरचे दोन भाग असतात. पहिल्या भागात ठरावीक गुण मिळाले तरच दुसरा, लिहायचा भाग तपासतात. त्यामुळे अर्ज कितीही आले तरी वाचायच्या उत्तरपत्रिका आवाक्यात राहतात. या संस्थांचे जुने पेपर कुणालाही मिळतात. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी ते सोडवायला देते. एखाद्या प्रश्नावर मुलं दोन-दोन दिवस घालवतात, भांडतात, एकमेकांच्या चुका काढतात. सीयूईटीच्या सराव पेपराने असं कधी घडलेलं मी पाहिलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मनुष्यबळाचा. एवढे पेपर तपासणार कोण? महाराष्ट्रात तरी हा आक्षेप टिकत नाही. आपली विद्यापीठं प्रत्येक सत्राला हजारो उत्तरपत्रिका कॅप केंद्रांवर, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रांवर, तपासतात. शिक्षक तिथे दिवस दिवस बसतात. त्यापुढे एम.एस्सी.च्या जागा किती? जागांच्या तिप्पट मुलांच्या उत्तरपत्रिका वाचायच्या ठरवल्या तरी एका विद्यापीठाला गणिताचे आठ-दहा शिक्षक आणि तीन-चार दिवस पुरतात. ज्या विभागाला पुढची दोन वर्षं या मुलांना शिकवायचं आहे, त्याने आपण कुणाला घेतोय हे वाचून बघायला तीन दिवस काढू नयेत?

दुसरा आक्षेप निष्पक्षतेचा. संगणक कुणाचा भाऊ-पुतण्या ओळखत नाही, माणूस ओळखतो. या भीतीला आधार आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासायचं, फरक मोठा निघाला तर तिसऱ्याने. गुणदान कसं करायचं ते आधी ठरवून निकालाबरोबर जाहीर करायचं. विद्यार्थ्याला तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळाली पाहिजे. आणि सारं केंद्रीकृत केल्याने विश्वास आपोआप येत नाही हेही आता आपण पाहिलं आहे. १८ जून २०२४ ला देशभर झालेली यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली आणि लाखो मुलांना पुन्हा तयारीला बसावं लागलं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो. लेखी परीक्षा घेतली की मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजांतली मुलं पुढे जातील आणि उदगीर, चिखली, अहेरीकडची मागे पडतील, असं म्हणतात. अनेक तालुक्यांच्या कॉलेजांत गणिताच्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक आज आहेत तर उद्या नाहीत. तिथल्या मुलीने लिहिलेली सिद्धता कुणी लाल पेनाने कधी तपासलेलीच नसते. तिच्यापुढे अचानक लेखी पेपर ठेवणं अन्याय नाही का?

आहे. पण आजची पद्धत त्याहून कमी अन्याय करत नाही, फक्त तो दिसू देत नाही. ७२ सेकंदांत उत्तर हेरायच्या युक्त्या शिकवणारे क्लास शहरांतच आहेत, आणि त्यांची फी या मुलीच्या घरच्यांना झेपत नाही. वेग पैशाने विकत मिळतो. एखाद्या साध्या प्रश्नावर शांतपणे बसून विचार करायला मात्र कागद, पेन, एक चांगलं पुस्तक आणि ‘हे असं का?’ म्हणून विचारणारा एक तरी माणूस एवढंच लागतं. एमटीटीएसचं (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उदाहरण या देशातल्या गणितशिक्षकांना माहीत आहे. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सच्या पाठबळावर हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. चार आठवडे मुलांना व्याख्यानं ऐकवत बसवायचं नाही, सतत प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून सिद्धता काढून घ्यायची, अशी तिथली रीत. लहान गावांतल्या कॉलेजांतून आलेली मुलं महिनाभरात बोलायला, फळ्यावर उभं राहायला आणि चुका मान्य करून पुन्हा मांडायला शिकतात. ही मुलं कमी पडत नव्हती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शिवाय परीक्षा जे मागते तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपल्याकडचं जुनं वास्तव आहे. प्रवेश परीक्षेत सिद्धता आली तर बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात ती शिकवावीच लागेल. मात्र त्यात एक धोका आहे. आमच्या विद्यापीठीय परीक्षांत सिद्धता विचारतातच, ‘अमुक प्रमेय सांगून सिद्ध करा’ असा प्रश्न दर वर्षी असतो. मुलं ती पाठ करतात, एखादी ओळ विसरली तर पुढची तशीच लिहून टाकतात. अशी पाठ केलेली सिद्धता लिहून घेणारी प्रवेश परीक्षा मला नको आहे. प्रश्न लहान हवेत, पुस्तकात जसेच्या तसे न सापडणारे हवेत, पण दुसऱ्या वर्षाच्या लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिसच्या पलीकडे न जाणारे हवेत. असे सहा प्रश्न काढायला मेहनत पडते. ती मेहनत विभागांनी घ्यावी.

भाषेबद्दलही एक मागणी आहे. जॅम फक्त इंग्रजीत होते. दहावीपर्यंत मराठीत गणित शिकून अकरावीत एकदम इंग्रजीत पडलेल्या मुलांना पर्यायांत खूण करणं जमून जातं, कारण तिथे वाक्य लिहायचं नसतं. लेखी पेपरात लिहावं लागेल. तेव्हा राज्यातल्या विद्यापीठांच्या परीक्षेत उत्तर मराठीत, इंग्रजीत किंवा दोन्ही मिसळून लिहायची मुभा स्पष्ट शब्दांत द्यायला हवी. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘याउलट’ हे मराठीत लिहिलं आणि चिन्हं नेहमीची ठेवली तर कोणत्याही परीक्षकाला वाचायला अडचण येणार नाही. आम्ही वर्गात फळ्यावर तसंच लिहितो.

टक्केवारीबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एका विद्यापीठातले ७५ आणि दुसऱ्यातले ७५ सारखे नसतात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. अंतर्गत गुण उदारपणे देणारं कॉलेज आणि हात आखडता घेणारं कॉलेज, एवढ्यावर एखाद्याची संधी जाऊ नये. अमेरिकेत गणिताच्या पीएच.डी.साठी जीआरईची ६६ बहुपर्यायी प्रश्नांची विषय-परीक्षा असे. कोविडनंतर बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली, आणि शिफारसपत्रांवर जास्त भर दिला. आपल्याकडे ती वाट नको. कुणाचे सर कुणाला ओळखतात यावर मग सगळं ठरेल, आणि तिथे अहेरीची मुलगी पहिल्या फेरीतच बाद होईल. मुलाखतही लेखी पेपरानंतरच, आणि तिने लिहिलेल्याच उत्तरावर घ्यावी: ही पायरी कशी आली, इथे काय धरलं आहेस, एवढं विचारायला पंधरा मिनिटं पुरतात.

सुरुवात कुठून करायची? मुंबई, पुणे, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, अमरावती, नागपूर इथल्या विद्यापीठांच्या गणित आणि संख्याशास्त्र विभागांनी मिळून एकच परीक्षा घ्यावी. सकाळी दीड तास बहुपर्यायी, दुपारी तीन तास सहा प्रश्न लिहायचे. विद्यार्थ्याला एकच फॉर्म, एकदाच फी, आणि केंद्र शक्यतो त्याच्याच जिल्ह्यात. सकाळच्या पेपरातून जागांच्या तिप्पट मुलं निवडायची आणि फक्त त्यांचा दुपारचा पेपर वाचायचा. नमुना पेपर आणि गुणदानासह लिहिलेली उत्तरं आदल्या दिवाळीपर्यंत प्रत्येक कॉलेजात पोहोचली पाहिजेत, म्हणजे दुसऱ्या सत्रात शिक्षकांना त्यांवर वर्ग घेता येतील. पदवीला दुसराच विषय होता पण दुपारच्या पेपरात चमक दाखवली, अशा मुलांसाठी पहिल्या सत्राआधी सहा आठवड्यांचा पूरक वर्ग विभागाने चालवावा आणि त्याची फी घेऊ नये. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. विभागप्रमुखांनी एकत्र बसून ठरवलं आणि आपापल्या विद्या परिषदेत ठराव नेला, तर पुढच्या उन्हाळ्यात हा पेपर होऊ शकतो.